यादीतून गाळलेलं गाव

समोरच्या गच्चीत गोधड्या उन्हात टाकलेल्या दिसल्या, की माझं डोकं आजही तापतं. नर्मदा परिक्रमेत एका धर्मशाळेत अशाच गोधड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. तिथला म्हातारा मात्र मान वर न करता म्हणाला, "जागा नाही." मी गोठ्यात झोपले.

चालणाऱ्यांची सेवा करून तो पुण्य जोडणार होता ना? बस म्हणावं आता वाट बघत! परिक्रमेला निघणारे माझ्याकडून फुकट मुक्कामांची यादी नेतात. त्यात ते गाव नसतं.

काल शेजारच्या सुमनताई यादी वाचता वाचता थांबल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "अगं, या दोन मुक्कामांत फारच अंतर आहे. मध्ये कुठेच सोय नाही?"

"नाही," मी म्हणाले. मान वर न करता.