फुकट सर

फुकट सरांचं शिकवणं फुकट होतं आणि अपमानही. डिचोलीत बसस्टँडमागच्या गल्लीत, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ते संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकवत, आणि शिकवता शिकवता माणसाचे असे काही वाभाडे काढत की दुसऱ्या कुणी ते केलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. मी त्यांच्याकडे चार महिने गेलो. त्यातला एकही दिवस मला त्यांच्याबद्दल माया वाटली असं मी म्हणणार नाही. वाटली नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

सर एका हायस्कुलातून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पुढे त्यांना गिम्प नावाच्या सॉफ्टवेअरचं वेड लागलं. ते जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकट मिळणारं आणि आतली रचना उघडून बघायलाही मोकळं. मी तेव्हा बाजारातल्या एका स्टुडिओत कामाला होतो आणि तिथे आम्ही महागडं सॉफ्टवेअर चोरून वापरत असू. सगळेच वापरत. पहिल्या दिवशी मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं, तर चहात बुडवलेला उंडा पाव तसाच हातात धरून सर म्हणाले, "चोरयेच्या मशिनार आवयचो फोटो करतलो मरे तूं?" उंडा ते एकटेच खायचे. चार महिन्यांत आम्हाला कुणाला साधा चहा विचारल्याचं आठवत नाही.

आईच्या फोटोसाठी आलोय, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मी तीन वर्षांचा असताना आई गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. कारापूरच्या आमच्या घरात तिचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, अकरा जणांत ती उभी असलेला. इतक्या पावसाळ्यांच्या दमटपणाने त्यावर बुरशी चढली होती आणि तो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला होता. बाबांना तिचा एकटीचा फोटो भिंतीवर हवा होता. ते कधी काही मागत नसत, हे एकच मागितलं होतं. स्टुडिओत हे काम करायला मला लाज वाटत होती. तिथे गिऱ्हाइकांचे मेलेले नातेवाईक आम्ही दहा मिनिटांत गोरे करून द्यायचो.

सरांनी फोटो काचेसकट स्कॅन केला. "काचेक लागून आसूं दी. काडूं नाका," म्हणाले. पण आईला हात लावू देईनात. आधी दोन आठवडे बांगडा! खरोखरचा बांगडा पाटावर ठेवून त्यांनी त्याचा फोटो काढला होता, आणि तो पाटापासून वेगळा कापायचा, कडेने एकेक बिंदू टाकत, पराचा एकही काटा न सोडता. माझ्या बांगड्याची शेपटी तुटली तेव्हा वर्गातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "बांगडो कापूंक कळना आनी मनीस कापूंक आयला!" पेडण्याहून एक प्राथमिक शिक्षिका यायच्या, त्यांना एकदा रडेपर्यंत बोलले. दुसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. माफी म्हणून शब्द नाही.

त्यांचा एक हेका होता. मूळ चित्राची नक्कल करायची, काय रंगवायचं-पुसायचं ते त्या वरच्या थरावर, खालचं मूळ तसंच राहिलं पाहिजे. "मूळ फायलीक हात लायलो जाल्यार हात मोडून घालतलों!" हे दिवसातून चारदा. आणि ते सॉफ्टवेअरही त्यांच्यासारखंच हेकट. सेव्ह म्हटलं की आपली वेगळी फाइल बनवायचं. मूळ फोटोवरच उतरवायचं असेल तर वेगळा हुकूम द्यावा लागे. मला दोघांचाही कंटाळा आला होता. स्टुडिओत आम्ही एकाच फाइलवर झटझट काम करत असू आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तीन आठवडे खपून मी आईचा चेहरा स्वच्छ केला. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर घरी नेली होती, तिच्यावरच काम उतरवलं. मग काचेला चिकटलेला जुना फोटो आता कशाला हवा म्हणून तो सोडवायला गेलो, तर चेहऱ्याचे पापुद्रे काचेवरच राहिले. मला काही वाटलं नाही. माझ्याकडे नवीन, नितळ आई होती.

ती मी सरांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ही कोणाची आवय?"

"म्हजी," मी म्हटलं.

"तुजे आवयचे हनुवटेर तीन थिबके आसले. खंय गेले?"

"सर, ती बुरशी."

"बुरशी ओळीन वाडटा रे? मापून? गोंदण तें, गाढवा! आवयचें गोंदण पुसून आयला आनी म्हाका दाखयता!"

वर्गात कुणीतरी हसलं. मी उठलो, चपला घातल्या आणि पुढे बराच काळ त्या गल्लीत गेलो नाही. त्या रविवारी मांद्र्याला मावशीकडे गेलो. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, एका ओळीत. जन्मभर मी ते पाहत आलो होतो. विचारलं तर म्हणाली, "आमी दोगांनीय एकाच दिसा गोंदून घेतिल्लें. तुजी आवय रडूंक ना, हांव रडलें."

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. त्यामुळे तर मला त्याचा अधिकच संताप आला. मी ठिपके परत काढून पाहिले, पण ते वरून चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसत. शेवटी तसाच नितळ फोटो बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "बरो केला. पूण ही ती न्हय रे." एवढंच. फोटो त्यांनी भिंतीवर लावला नाही, कपाटात ठेवला.

सरांकडे मूळ स्कॅन असेल का, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण महिनाअखेरीला मुलांच्या सगळ्या फाइली पुसून टाकतो, असं ते ओरडून सांगत. आणि गाढव म्हणणाऱ्याच्या दारात जाऊन काय मागायचं? दोन वर्षं मी बाजारातून जाताना त्या गल्लीकडे मान वळवली नाही. त्या दोन वर्षांत बाबा गेले.

ते गेल्यावर आठ महिन्यांनी कळलं की सर घर बंद करून पुण्याला मुलीकडे निघालेत. का गेलो ते मला अजून सांगता येत नाही. दोन शब्द सुनावायचे असतील. खोलीत खोकी भरलेली होती, संगणक तेवढा चालू होता. मला पाहून सरांनी 'ये'सुद्धा म्हटलं नाही. त्यांनी एक फोल्डर उघडला, त्याला माझं नाव होतं. आत लग्नातला तो फोटो, अकरा माणसं, बुरशीसकट. त्यांनी चेहरा मोठा केला. हनुवटीवर तीन ठिपके.

"सर, हें आसलें तर सांगलें कित्याक ना?"

"तुवें मागलें ना."

"तुमी सगळें पुसतात न्हय?"

"पुसतां. हें पुसलें ना."

"बाबा गेलो, सर. आठ म्हयने जाले."

ते गप्प झाले. त्यांना असं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा आनंद झाला, हेही लिहून टाकतो. मग त्यांनी पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस. हांव दाखयतां." मी बसलो नाही. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि निघालो. पाया पडलो नाही. पुढच्या वर्षी ते पुण्यातच वारले, हे मला पेडण्याच्या बाईंनी कळवलं.

घरी काम करायला बसलो तेव्हा आधी मूळ चित्राची नक्कल केली आणि तिच्यावरच हात चालवला. हात त्यांचाच होता, कबूल करायला जिवावर येतं. बुरशी एकेक ठिपका करून काढली. दीड महिना लागला. कसं झालंय ते सांगायला आता सर नाहीत आणि बाबाही नाहीत. दोन वर्षं एका माणसाने विचारलं नाही आणि दुसऱ्याने सांगितलं नाही. त्यातला एक मी आहे, म्हणून सगळा राग सरांवर काढतो.

आई आता भिंतीवर आहे. तिच्या शेजारी बाबांचा फोटो लावलाय, रेशन कार्डासाठी काढलेला. तसल्या फोटोत सरळ समोर बघावं लागतं, म्हणून ते तिच्याकडे बघत नाहीत.