शेजारणीच्या मीठमोहऱ्या

समोरच्या सुनीताचा नवरा रोज संध्याकाळी दोन्ही मुलांना काखांत उचलून जिना चढतो. मी दाराआडून बघते आणि जळते. माझा नवरा तीन महिने अंथरुणाला खिळलाय. आमची पोरं जिना आपापली चढतात.

काल सुनीता मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आली. "पोरं किती कोमेजलीत गं! दृष्ट काढते." मूठ ओवाळत ती पुटपुटली, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." माझी मान खाली गेली. तापल्या तव्यावर मोहऱ्या तडतडल्या. "बघ, केवढी लागली होती!"

आतून नवरा ओरडला, "वहिनी, माझीही काढा की!" आणि हसला. कितीतरी दिवसांनी. पोरं धावत त्याच्या पलंगावर चढली. हे हसू घरात असताना मी दुसऱ्याच्या जिन्यावर काय शोधत होते?

तरी खोटं कशाला बोलू, आज पुन्हा दाराआडून पाहिलंच. फक्त आज माझ्या मुठीत मीठमोहऱ्या होत्या. ते आत गेल्यावर मी त्यांच्या बंद दारावरून तीनदा मूठ ओवाळली.

माझ्या तव्यावर त्या कालच्यापेक्षा जास्त तडतडल्या.