कमी भरलेलं वजन

पनवेलच्या मासळी बाजारात एक मावशी बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. समोरच त्यांची जाऊ बसायची. दोघींनी एकदा आपापले बोंबील एकाच टोपलीत ओतले, मिळून वजन कमी भरलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

गुरुत्वलहरी सापडल्याची बातमी आली त्या दिवशी मावशींनी माझ्या पेपरातल्या चित्राकडे बोट केलं. "ह्यो कसला डाग?"

मी भौतिकशास्त्राचा मास्तर, लगेच सुरू झालो. "दोन प्रचंड तारे मेले, त्यांची कृष्णविवरं झाली. कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती फिरत ती जवळ आली आणि शेवटी एक झाली. पण वजन बेरजेपेक्षा कमीच भरलं. कमी पडलेलं या लहरींतून निघून गेलं."

मावशी जावेकडे वळल्या. "अगो, ऐकलंस काय?" त्या समोर ओरडल्या. "आभालात पन दोन एक केलं का वजन कमी भरतं! मी चोर नाय!"

"तुला चोर कोन बोललं?" जाऊ उसळली. "तूच मला बोललीस!"

"मी? कवा?"

तेवढ्यात एक मांजर बोंबील पळवून निघालं. दोघी शिव्या देत, हसत त्याच्यामागे धावल्या. दोन्ही टोपल्या राखायला मी उरलो.

"दादा," एका बाईंनी मला विचारलं, "बोंबील कसे दिले?"