मामांचा वाडा सेरेंगेटीला निघतो

आफ्रिकेची तयारी या पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यांत कसून कोणी केली असेल, तर ती माझ्या थोरल्या मामांनी. बाकीचे लोक तिकिटं काढतात, टोप्या घेतात आणि जातात. त्याला तयारी म्हणत नाहीत, ती खरेदी झाली. म्हसवड आणि आटपाडीच्या मधल्या माळावर राहणारा हा सत्तरीचा माणूस गेलं वर्षभर सेरेंगेटीला निघालेला आहे. रोज सकाळी चहाच्या आधी तो घरादाराला तिथल्या पावसाची बातमी देतो. आमच्या पावसाची बातमी द्यावी लागत नाही, तो नसतो. अडचण एकच आहे. मामी "न्हाई" म्हणते, आणि मामी नसेल तर मामा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

सुरुवात केली त्यांच्या मुलाने. तो तिकडे दक्षिणेत गलाईच्या धंद्यात आहे, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करतो. दिवाळीला आला आणि म्हणाला, "आप्पा, तुमाला आन् आईला इमानानं फिरवून आणतो. कुठं जायाचं, बोला." त्याला वाटलं, काशी नाहीतर रामेश्वर. पण मामांनी त्याच्याच फोनवर भलतंच काही पाहून ठेवलं होतं. लाखांनी रानजनावरं, पावसामागनं, गवतामागनं, एका देशातून दुसऱ्या देशात चाललेली. मामांनी जन्मभर हेच केलं होतं. माळ वाळला की वाडा उचलायचा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं आणि चूल असा सगळा संसार, आणि घाट उतरून कोकणात जायचं. "आरं, ही तर आपलीच माणसं!" मामा ओरडले. त्या जनावरांचं वाइल्डबीस्ट हे नाव त्यांच्या जिभेला मानवलं नाही, म्हणून त्यांनी त्यांना 'दाढीवाली' करून टाकलं. सिंहाचं त्यांना काडीचं कौतुक नाही. "लांडगं काय कमी बघितलं व्हय आमी?" एवढ्यावर विषय संपतो.

कळप हलवण्याआधी एक माणूस पुढे पाठवायचा, त्यानं गवत-पाणी बघून यायचं, ही वाड्याची रीत. ते काम मामांनी माझ्यावर टाकलं. "पोरी, तुजं तोंड चालतं. तू म्होरं हो." गवत बघायला मी टांझानियाला जाणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही सांगलीला एका प्रवासवाल्याच्या ऑफिसात गेलो. त्या सज्जन माणसाने चकचकीत तंबूंचे फोटो दाखवले. मामांनी चष्मा सावरून ते पाहिले. "ह्यो वाऱ्याच्या तोंडाला लावलाय. दार फिरवून घ्या म्हणावं. आन् रातचं राखणीला कुत्री किती?" प्रवासवाला हसला. कुत्री नसतात म्हणाला, आणि त्याने ऑगस्टची तारीख विचारली. तिथे सगळं बिनसलं. वाडा तारखेवर निघतो, हे मामांनी जन्मात ऐकलं नव्हतं. "गवत कुठं हाय ते बघितल्याबिगर तारीख कशी सांगू? आवं, पाऊस झाला की निघू."

"काका, विमान पावसावर निघत नाही हो."

"मग कशावर निगतं?" मामांनी इतक्या मनापासून विचारलं, की त्या माणसाने हातातलं पेन खाली ठेवलं. शेवटी त्यानेच समजावलं की ऑगस्टात जनावरं उत्तरेला नदीपाशी असतात, साधारण. मामांनी 'साधारण' हा शब्द तेवढा मान्य केला. साधारण म्हणणारा माणूस कळपाबरोबर राहिलेला असणार, असं त्यांचं मत पडलं, आणि येताना एसटीत ते सबंध विट्यापर्यंत त्याचं कौतुक करत होते.

मला मात्र या सगळ्याचा संताप यायचा. का येऊ नये? मी चराऊ कुरणं वाचवायच्या चळवळीत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, आणि घेणारा न वाचता घडी घालू लागला तर त्याच्याशी भांडते. माझ्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मामा सेरेंगेटीचे नकाशे काढत बसले होते. पुढच्या बाजूला 'माळ आमच्या हक्काचा', मागच्या बाजूला पाणवठे! मी एकदा स्पष्टच बोलले. "मामा, इथं वीतभर माळ मोकळा ठेवला नाही. जिकडं बघावं तिकडं कुंपण. तुम्ही मेंढरं विकलीत ती हौसेनं? आणि आता विमानात बसून दुसऱ्याचं कुरण बघायला निघालात?"

मामांनी पेन्सिल थांबवली. "व्हय. जिथं आजून मोकळं सोडलंय, ते येकदा डोळ्यानं बघतो. मग तुज्यासंगं भांडाया येतो. न बघता भांडलं की आवाज नुसता वरनं निघतो, पोरी." असं म्हणून माझ्या घोषणेच्या बरोब्बर पाठीमागे त्यांनी आणखी एक नदी काढली.

राहिली मामी. वाडा खरा हलतो तो बाईच्या हाताने. पहाटे घोडीवर संसार लादायचा, वर कोंबड्या आणि दमलेली कोकरं बांधायची, दोरीला शेवटची गाठ मारायची, हे सगळं तिचं. ती गाठ बसल्याशिवाय पुढचा गडी पाऊल टाकत नाही. मुलगा म्हणाला, "आप्पा, आपुन दोघंच जाऊ." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने मेंढरं सोडून नुसती कुत्री चरायला न्यायची म्हटलं होतं. आणि मामीचं म्हणणं पक्कं होतं. "जलमभर जनावरांच्या मागनं फुकट चालले. आता पैसं मोजून चालू? तुमी जावा, त्या दाढीवाल्यांस्नी माजा रामराम सांगा."

परवा संध्याकाळी मी तिथेच होते. मामी भाकरी करत होती. मामांनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर जनावरं कडा उतरून नदीत उड्या टाकत होती, पाणी, धूळ, आरडाओरडा. सगळा कळप पलीकडे गेला आणि अलीकडे एक पिल्लू राहिलं. काठाने वर पळे, खाली पळे. मामीचा हात भाकरीवर थांबला. आणि चुकलेल्या कोकराला बोलवायची ती जिभेची टकटक तिच्या तोंडातून आपोआप निघाली. मामांनी मेंढरं विकल्यापासून या घरात ती ऐकू आली नव्हती.

तेवढ्यात व्हिडिओ संपला.

"त्येचं काय झालं?"

"कुणाला ठावं. येवढंच दावत्यात."

"आई माघारी फिरली का न्हाई त्येची?"

"तेच बघाया चल म्हणतोय न्हवं का वरीसभर!"

तव्यावरची भाकरी करपली. मामीच्या हातची करपलेली भाकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि मामांनी ती मोठ्या आवडीने खाल्ली. मामीने चुलीतली राख सारली. मग म्हणाली, "तिथं थंडी असती का?"

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला फोन करून ऑगस्ट पक्का केला. मामीने माळ्यावरून घोडीची जुनी केसाळ दोरी काढली आणि मुलाने आणलेल्या चाकांच्या बॅगेला आडवी-उभी आवळून बघितली. मी म्हटलं, "मामी, कुलूप आहे बॅगेला."

"असू दे. कुलपाला काय कळतंय?"

तिने गाठ मारली. गाठ बसल्याचं बाहेर अंगणात मामांना कसं कळलं कोण जाणे, पण ते उठले, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी घेतली, तिच्यावर हात टाकले आणि कुंपणाच्या कडेकडेने चालू लागले. सावकाश चालत होते, पुढे कळप असल्यावर चालायचं तसं, समोर बरीच जागा मोकळी सोडून.