गुरुवारचं ऑडिट

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. बाकीचं जग रविवारी लोळतं, आमची गेटं गुरुवारी बंद असतात. बुधवारी शिफ्ट सुटताना त्यानं विचारलं, "उद्या नाशिकला जायचं?" आणि मी फार विचार न करता हो म्हटलं. शुक्रवारची रजा दोघांनी तिथल्या तिथे टाकली.

ओळख जेमतेम दीड महिन्याची. तो आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला, मूळचा लातूरकडचा, चिखलीत खोली घेऊन राहणारा. मी क्वालिटीत, निघोज्याच्या शेतकरी घरातली. गाडी माझी, त्यामुळे स्टिअरिंगही माझंच. घरी "नाशिकला चाललेय" एवढं सांगितलं. कोणाबरोबर, ते कोणी विचारलं नाही.

मंचर मागे पडल्यावर तो म्हणाला, "कुणी ओळखीचं भेटलं तर ऑडिटला आलोय म्हणू."

माझं डोकं फिरलं. याआधी ज्याच्यात जीव अडकवला होता, त्यानं तीन वर्षं मला चारचौघांत 'आमच्या कंपनीतल्या मॅडम' म्हणून खपवलं होतं. त्याला सोडलं तेव्हाच ठरवलं, पुन्हा लपवणारा माणूस नको. तसं मी याला सांगूनही टाकलं. "मला मॅडम म्हणालास, तर परत येताना एसटी बघ."

तो हसला. मी गंमत करत नव्हते.

नाशिकनं मात्र मूड लगेच ठीक केला. गोदाकाठी हिंडलो, भांड्यांच्या दुकानांतून उगाच भाव विचारत फिरलो, चिवडा घेतला आणि तिथेच अर्धा संपवला. गर्दीत त्यानं माझा हात धरला आणि सोडला नाही. मला तो आवडत होता, चांगलाच आवडत होता. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचं काय, तेवढंच बघायचं राहिलं होतं.

दुपारी मिसळ खायला गेलो. दाराबाहेर एक पांढरी बस उभी. कामाच्या दिवशी मला निघोज्यातून उचलते तीच. बस माझ्या चुलत्यांची. कारखान्यांसाठी जमीन गेल्यावर त्यांनी बस घेतल्या आणि कंपन्यांना लावल्या. गुरुवारी बसला काम नाही, म्हणून सगळं खटलं भरून ते देवदर्शनाला निघाले होते. आमची सुट्टी म्हणजे अख्ख्या पट्ट्याचीच सुट्टी, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मागे फिरेपर्यंत काका समोर. मागच्या बाकांवर काकू, चुलत बहिणी, त्यांची पोरं. सगळ्यांचे घास हातात.

"अगं, तू हितं कुठं? आन् ह्ये कोण?"

त्यानं माझा हात सोडला. "नमस्कार काका. मी मेंटेनन्सला, ह्या आमच्या कंपनीतल्या मॅडम. ऑडिटला आलोय."

काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

"गुरुवारी कुठलं ऑडिट? तुमची कंपनी बंद हाय, म्हणून तर माझी बस हितं हाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मला दोन शब्दांत सगळं सावरता आलं असतं. पण हे उत्तर त्याचं होतं. ते नाही आलं, तर मी एकटीनं नाशिक बघून एकटीच घरी जाणार होते. वाईट वाटलं असतं, पण गेले असते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते.

"खोटं बोललो बघा काका. ऑडिटबिडिट काही नाही. ह्या मला लई आवडतात, म्हणून फिरायला आलोय. मीच चला म्हणलो होतो."

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग काकूंना म्हणाले, "सरका जरा." आम्हाला बसायला जागा झाली.

मिसळ आली, पाव आले. काकांनी त्याचं गाव, घरचं, शेतीचं सगळं खोदून विचारलं, मग माझ्याकडे वळले. "घरी कोण सांगणार? तू का मी?"

"मी सांगते."

"आम्ही दोघं येऊन सांगतो," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. काकांनी मान हलवली आणि त्याच्या ताटलीत रस्सा वाढायला लावला.

"आन् पुढच्या बारीला लपून जायचं आसंल, तर गुरुवारी निघू नका."

"आता कशाला लपायचं, काका?" तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत त्यानं माझा हात परत धरला.