संदेश पोहोचला

हेलन गायकवाड टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या तेव्हा नव्या मुलींना त्यांच्या शेजारी बसवत, ते या बाईंचा आवाज ऐकण्यासाठी. पलीकडचा माणूस शिव्या देवो की मयताची बातमी सांगो, बाईंचा सूर कधी हलला नाही. पुढे खात्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि तो सूर श्रीरामपूरला घरी येऊन बसला. नवरा सॅम्युएल चिडवायचा, "कुकरच्या शिट्टीलासुद्धा 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणतेस."

नगरच्या एका भटकंती क्लबने हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा वर्ग काढल्याचं त्यांना कळलं आणि त्या दर रविवारी चर्चमधली उपासना चुकवून एसटीने तिकडे जाऊ लागल्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरात मोबाईलला रेंज नसते. कुणी पडलं-झडलं तर खाली निरोप पोचायचा कसा, यासाठी हा वर्ग होता. शिकवायला पुण्याहून एक म्हातारे हॅम येत. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. नव्या पोरांना हे जमत नसे. हेलनताईंचा तर त्यात जन्म गेला होता. त्यांनी सरकारी परीक्षा दिली, बरेच महिने वाट पाहिली, आणि लायसन आलं तेव्हा त्यावरचं आपलं संकेतनाम सॅम्युएलला दोनदा वाचून दाखवलं.

म्हाताऱ्या मास्तरांचा एक नियम होता. सरावाचा प्रत्येक संदेश 'सराव' या शब्दाने सुरू करायचा आणि त्याच शब्दाने संपवायचा. तो शब्द नसेल तर संकट खरं.

क्लबचे अध्यक्ष श्रीमंत बोठे यांना हा नियम पटला नाही. त्यांचं सीसीटीव्हीचं दुकान होतं. नगरच्या सावेडी भागात निम्म्या सोसायट्यांना कॅमेरे त्यांनीच बसवलेले. अकोले तालुक्यातल्याच एका गडाच्या पायथ्याच्या शाळेत मोठं प्रात्यक्षिक ठरलं. तालुक्याचे अधिकारी येणार होते, पत्रकार येणार होते.

"पाहुण्यांसमोर सारखं सराव, सराव काय? लुटुपुटूचा खेळ वाटतो," बोठे म्हणाले. "तो शब्द काढून टाका."

"मग खरंच कुणी पडलं तर ओळखायचं कसं, सर?" हेलनताईंनी विचारलं.

"तुम्ही थोडं रडून दाखवा, ताई. तुमच्या त्या ट्रंककॉलच्या आवाजात आग लागली तरी कळायची नाही."

सगळे हसले. हेलनताईही हसल्या. वरिष्ठाने एकदा ठरवलं की वाद घालायचा नाही, ही नोकरीतली सवय. मास्तर त्या दिवशी आले नव्हते, आणि त्यांना फोन करून सांगावं असं कुणालाही सुचलं नाही. हेलनताईंनाही नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाईंना खिंडीत बसवलं. हातातल्या छोट्या सेटच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. गडमाथ्यावरून शाळा दिसत नाही. खिंडीतून मात्र दोन्ही दिसतात. म्हणून वरचं ऐकून खाली सांगायचं आणि खालचं वर, हे काम त्यांच्याकडे. वर करण होता, क्लबचा जुना भिडू. त्याने पाय मोडल्याचं सोंग करायचं आणि खालून स्ट्रेचर धावत न्यायचं, असं ठरलं होतं. स्ट्रेचर, डॉक्टर आणि रुग्णवाहिका शाळेच्या पटांगणात, पाहुण्यांच्या समोर. दोर आणि सामान वर चढवायला गावातला गोरक्षनाथ भांगरे घेतला होता. पर्यटकांना गड दाखवायचा हा त्याचा धंदा.

सोंगाची वेळ यायच्या आधीच खऱ्या दगडाने दगा दिला. कड्यावरचा धोंडा सुटला आणि गोरक्षनाथच्या पायावर आला. करणचा आवाज फाटला होता. "ताई, गोरक्षनाथचा पाय चेंगरलाय. रक्त थांबत नाही. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

हेलनताईंनी बटण दाबलं आणि शिकवलं होतं तसं सांगितलं. जखमीचं नाव, जागा, कुठला पाय, रक्तस्राव चालू, डॉक्टर आणि स्ट्रेचर ताबडतोब. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. सूर हलला नाही.

खाली सेटला स्पीकर जोडलेला होता. बोठ्यांनी माईक हातात घेतला. "बघा साहेब, हे आमच्या कार्यक्रमात नव्हतं. ताईंनी आयत्या वेळी नवा प्रसंग घातला. याला म्हणतात तयारी." मग सेटवर म्हणाले, "संदेश पोहोचला. सुंदर. पुढच्या सूचनेची वाट पाहा. ओव्हर."

त्या 'ओव्हर'च्या मागे टाळ्या ऐकू आल्या.

"सर, हे खरं आहे. ओव्हर."

"वा. असंच चालू ठेवा. ओव्हर."

त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. ओरडायचा प्रयत्न केला, पण चौतीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नाही, ते घशाला येईना. वरून करण विचारत होता, निघाले का? जागा सोडली तर वरचा माणूस एकटा पडणार होता. मधल्या स्टेशनने जागा सोडायची नाही, हा पहिला धडा. हेलनताईंनी तो मोडला आणि सेट हातात घेऊन खिंडीतून खाली पळत सुटल्या.

कोपर सोलवटून, साडी मातीने माखून त्या पटांगणात आल्या तेव्हा पाहुण्यांचा चहा चालला होता. बोठ्यांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवला. त्यानंतर सगळे धावले. चांगलेच धावले.

नाशिकला डॉक्टरांनी गोरक्षनाथचा पाय गुडघ्याखाली कापला. थोडा आधी आणला असता तर, एवढं बोलून ते थांबले.

क्लबच्या बैठकीत ठराव झाला. प्रात्यक्षिक यशस्वी, दुर्दैवी अपघातात क्लबच्या पथकाने तत्परतेने मदत केली, मात्र मधल्या स्टेशनने विनापरवानगी जागा सोडल्याने काही काळ संपर्क तुटला, त्याबद्दल संबंधित सदस्यास समज देण्यात यावी. मतदानाला करणने हात पुरता वर केला नाही, खालीही ठेवला नाही. नुसता कानाशी नेला. हेलनताईंनी तिथेच सदस्यत्व सोडलं. बोठे दारापर्यंत आले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. चूक सगळ्यांकडून होते."

"समज मला एकटीलाच दिली, सर," त्या म्हणाल्या, त्याच सुरात.

दोन महिन्यांनी त्या गोरक्षनाथच्या घरी गेल्या. तो ओट्यावर बसला होता. बायको भिमाबाईने पाणी आणून दिलं आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"ताई, एक इचारू?" गोरक्षनाथ म्हणाला. "त्यो डबा चालत हुता ना?"

"चालत होता."

"माझं नाव खाली गेल्तं?"

"पहिल्याच वेळी गेलं. स्वच्छ ऐकू गेलं."

"मंग खालचे काय म्हनले?"

हेलनताईंना खोटं बोलता आलं असतं. "टाळ्या वाजवल्या," त्या म्हणाल्या.

गोरक्षनाथ बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलं का? तू म्हनत हुतीस, डोंगरात रेंज नसंल."

भिमाबाईने पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली. चहा कुणी विचारला नाही.