हवालदारांचा ऊद

"आवं, छाती भरून वढा की! फुकट हाय," असं म्हणत आमचे शेजारी हवालदार धुपाटणं थेट तुमच्या नाकाखाली धरायचे. पलटणीतून निवृत्त झाले, तरी नकार ऐकायची सवय त्यांना लागली नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यातल्या आमच्या बोळात उघडं गटार होतं. त्यावर नगरपालिकेचा उपाय आश्वासनाचा आणि हवालदारांचा धुराचा. दोन्ही हवेत विरायचे, पण धुराला वास तरी चांगला होता.

तिन्हीसांजेला ते निखाऱ्यावर आधी ऊद टाकत, मग गुग्गुळ. "ऊद गोड, पावन्यासाठी. गुग्गुळ कडू, डासासाठी." राळेची चिमूट पडली की भडका उडायचा आणि माझी आई ओरडायची. त्याच राळेचं मलम मात्र तिच्या भेगाळल्या टाचांना चालायचं.

एकदा बोळाच्या तोंडाशी वाचनालयाच्या उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. आदल्या दिवशी नगरपालिकेचे साहेब हवालदारांच्या दारात आले. धूर मागायला आलेला तो पहिलाच माणूस.

"उद्या सकाळपासून भरपूर ऊद जाळा. पाहुण्यांना वास यायला नको. स्टेजवर तुमचा सत्कार करू."

हवालदारांचा चेहरा फुलला. आम्ही म्हटलं, गेला आपला माणूस.

दुसऱ्या दिवशी ते पदकं लावून पहिल्या रांगेत बसले. हात रिकामे. साहेब धावत आले.

"अहो, ऊद कुठाय?"

"आज न्हाई. रोज आमी वास घेतो. आज पावन्यांनी घ्यावा."

मंत्री 'स्वच्छ शहर' या शब्दांपर्यंत पोचले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. भाषण आवरून खाली उतरताना विचारलं, "इथं काय मेलंय?"

हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला. "गटार हाय साहेब. मेलं न्हाई, लय वर्सं जितं हाय."

सत्कार अर्थातच राहिला. घरी कोट उतरवताना ते मला हळूच म्हणाले, "शाल बगितली मी, गड्या. चांगली व्हती."

लवकरच गटारावर फरशा पडल्या, मंत्र्यांची गाडी उभी होती तेवढ्याच लांबीच्या. हवालदारांचं घर उघड्या बाजूला राहिलं.

पुढं ते वारले. त्या फरशांवर अजून बोळातली माणसं संध्याकाळी गप्पा मारत बसतात, हवालदारांच्या कुलूप लावलेल्या दाराकडे पाठ करून.